चौथ्या बंधाऱ्याची नक्कल

एका संस्थानातले तीन बंधारे वाहून गेले, चौथा मात्र टिकला. खूश झालेल्या राजेसाहेबांनी आणखी पाच बांधायला सांगितले. दिवाणजींनी भर दरबारात मिशीला पीळ देत गवंड्यांच्या मुकादम चंद्राक्काला दरडावलं, "चौथ्याच्या वेळी जे जे झालं, ते सगळं तस्संच झालं पाहिजे. तसूभर फरक पडला, तर तुझी मुकादमी गेली!"

चंद्राक्काचे डोळे चमकले. "व्हय जी. दगड, चुना, माणसं, सगळं तेच आणते. अडचण एकच हाय, सरकार. पहिल्या तिन्ही वेळी दिवाणसाहेब रोज बांधावर उभे राहून 'हे काढा, ते घाला' करत होते. चौथ्या वेळी मूळव्याधीनं दोन महिने घरीच पालथे पडले होते. तेवढं तुम्हीच जमवा."

राजेसाहेब खो खो हसले. "दिवाणजी, उद्यापासून तुम्ही आजारी!"

पाचही बंधारे टिकले. दिवाणजी तेवढे, ठणठणीत असूनही, पाच उन्हाळे पालथे पडून होते.