निळ्या पाखरांचा पिंजरा

एका राज्यात रस्ते नव्हते, बुरूज होते. असंख्य बुरूज, आणि एकही दुसऱ्याला टेकलेला नव्हता. दोहोंच्या मध्ये अरुंद पण अथांग खंदक. तो माणसाला ओलांडता येत नसे, म्हणून निरोप पाखरे नेत. कोणत्या बुरुजावर तांबडी पाखरे असत, कोणत्यावर निळी. तांबडे पाखरू पलीकडे जाऊन सांगे, "पेटव!" निळे सांगे, "थांब." प्रत्येक बुरुजावरचा राखणदार सगळ्यांचे ऐकून घेई. तांबड्यांचे पारडे जड झाले तरच तो मशाल पेटवी, आणि मशाल पेटली की त्याची पाखरे पुढच्या बुरुजाकडे झेपावत. निरोप दिला की पाखरू माघारी जाई, उगाच रेंगाळत नसे.

या मशालींवर राजा वज्रसेनाचा देह चाले. त्या पेटत तसा त्याचा हात उठे, पाऊल पडे, नजर वळे. राज्य ठीक तर राजा ठीक.

राजा पराक्रमी होता, पण स्तुतीला भुलणारा. एके दिवशी ज्वालामुख नावाचा मांत्रिक दरबारात आला आणि म्हणाला, "महाराज, आपल्याच राज्यात आपल्याला 'थांब' म्हणणारी पाखरे? ही कसली प्रजा?"

राजाला ते झोंबले. "घेऊन जा त्यांना," तो म्हणाला. दरबाराने एकजात होकार भरला. राजापुढे तोंड उघडून पोटावर पाय कोण आणून घेणार!

मांत्रिकाने निळी पाखरे पिंजऱ्यात घालून नेली. दुपार टळायच्या आत एका मशालीने दुसरी पेटवली, दुसरीने शेजारच्या, आणि बघता बघता सारे बुरूज एकदम धडाडले. आवरणारे कोणी उरलेच नव्हते. राजा सिंहासनावरून कोसळला. हातपाय झटके देऊ लागले, दातखीळ बसली.

राजवैद्य म्हणाले, "हा जाळ शमला नाही तर महाराज वाचणार नाहीत."

राजकन्या धृतिमती पित्याच्या उशाशी होती. ती उठली. तलवार घेतली नाही, सैन्य घेतले नाही, थेट मांत्रिकाच्या डोंगरावर गेली. तिथे ज्वालामुख त्या दूरच्या जाळावर हात शेकत बसला होता. त्याच धगीवर त्याचे आयुष्य वाढत होते.

"पाखरे दे," ती म्हणाली.

"तीन कामे करशील?"

"हो."

"माझी विझलेली धुनी पेटव." तिने ओली लाकडे फुंकून फुंकून पेटवली. शेजारी ठेवलेल्या पाखरांच्या पिंजऱ्याला नवे गज फुटले.

"हा दगडी हत्ती उठव. उठवशील?"

"हो." तिने त्याच्या कानात त्याच्या अरण्याचे नाव घेतले. हत्ती उठून चीत्कारला. पिंजऱ्याचे गज आणखी दाटले.

तेव्हा आतले म्हातारे पाखरू बोलले, "राजकन्ये, हा पिंजरा लोखंडाचा नाही, होकारांचा आहे. तुझ्या पित्याचा त्यात आहे, दरबाराचा आहे, आता तुझाही आहे."

मांत्रिक हसला. त्याने धुनीच्या धुरात तिला तळमळणारा राजा दाखवला. "तिसरे काम सोपे. फक्त हो म्हण. मी तुझ्या पित्याला असा उठवीन की तो कधी थकणार नाही, कधी थांबणार नाही."

तिला रडू कोसळले. पित्याचे प्राण तिला स्वतःच्या प्राणांहून प्यारे होते, आणि ते एका शब्दावर मिळत होते.

"नाही," ती म्हणाली.

"मग तो मरेल!"

"तरी नाही. ज्याला थांबता येत नाही तो माझा पिता नव्हे, तुझे सरपण आहे."

साऱ्या राज्यात कोणाच्या तोंडून न निघालेला शब्द त्या पोरीच्या तोंडून निघाला. सांगताना आजही माझी छाती फुगते. पिंजरा वितळला. निळी पाखरे आभाळभर उडाली, बुरुजाबुरुजावर उतरली आणि राखणदारांना म्हणाली, "थांब. थांब." मशाली एकेक करून शमल्या. जाळ सरला तसा मांत्रिक जागच्या जागी राख झाला.

धृतिमती परतली तेव्हा राजा शांत निजला होता. जाग आल्यावर त्याने पाण्याचा पेला उचलला, थेंबही सांडला नाही. मग तो भर दरबारात उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला, "माझ्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ झाल्या. आजपासून एवढेच सांगत जा, की मी धृतिमतीचा बाप आहे."

त्या राजाचे चित्त जसे ठिकाणावर आले, तसेच ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांचे राहो.