संशयी शेतकरी आणि पांजरपोळाचं उघडं दार

एका गावात एक शेतकरी राहत होता. त्याचा कुणावर म्हणजे कुणावरच विश्वास नव्हता. वाण्याकडून आणलेलं मीठ तो घरी येऊन पुन्हा तोलायचा. गवळ्याच्या दुधात बोट बुडवून ते उन्हात धरून बघायचा. समोरून कुणी ‘राम राम’ म्हटलं तर हा मान हलवायचा आणि पुढची दहा पावलं याला आपल्याकडून काय हवं असेल, याचा विचार करायचा.

त्याच गावाबाहेर, ओढ्यापलीकडे, एका बाईनं पांजरपोळ चालवलं होतं. लंगडे, म्हातारे, कामातून गेलेले बैल लोक तिच्याकडे आणून सोडत. ती कुणाकडून काही घेत नसे. आणि नेमकं हेच आपल्या शेतकऱ्याला खुपायचं.

“फुकट कोण कुणाचं करतं?” तो पारावर बसून म्हणायचा. “कुठंतरी पाणी मुरतंय. बैल मेला की कातडं इकत आसंल. म्हणून तर दार लावून बसती.”

दार ती लावत असे हे खरं होतं. आजारी जनावरं बिचकतात, म्हणून लावत असे. पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आपण चांगलं काम करतो, लोकांना आपोआप कळेल, असं तिला वाटायचं. लोकांना आपोआप कळत होतं ते शेतकऱ्याचं बोलणं.

शेतकऱ्याच्या संशयाला आणखी एक कारण होतं, ते मात्र तो पारावर सांगत नसे. त्याचा स्वतःचा बैल, हरण्या, दोन वर्षांपूर्वी खूर फुटल्यावर त्यानं तिथंच सोडला होता. नऊ वर्षं त्या बैलानं त्याचं शेत नांगरलं होतं. सोडून येताना शेतकऱ्यानं मागं वळून पाहिलं नाही. ती बाई लबाड निघाली असती तर त्याला फार बरं वाटलं असतं. मग आपल्या लाजेकडे बघायची गरज उरली नसती.

त्या वर्षी चारा कमी पिकला. पांजरपोळातली कडब्याची गंजी निम्म्यावर आली आणि पावसाला अजून तीन महिने होते. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं घरातली धान्याची एक कणगी देऊन डफवाल्याला बाजारात दवंडी द्यायला सांगितलं. “एवढंच सांग, कडबा पाह्यजे,” ती म्हणाली.

पण डफवाला हाडाचा डफवाला. नुसता कडबा मागितला तर गर्दी कशी जमणार? तो बाजारात ओरडला, “ऐका हो ऐका! पांजरपोळात लंगडा बैल न्या, महिन्यात शर्यतीला पळवा!”

शेतकरी चिंचेखाली उभा राहून ऐकत होता. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “बघा!” तो शेजाऱ्याला म्हणाला. “आता खोटंबी बोलाया लागली.”

दवंडीचा परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांजरपोळाच्या कुंपणाला अकरा नवे लंगडे बैल बांधलेले होते. कडब्याची पेंढी एकानंही आणली नव्हती. आता तोंडं वाढली आणि गंजी तेवढीच राहिली.

बाईनं डोक्याला हात लावला. दिवसभर ती विचार करत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सरळ शेतकऱ्याच्या अंगणात येऊन उभी राहिली.

शेतकऱ्यानं आधी तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. त्यामुळे त्याचा संशय वाढला.

“गावात माज्याबद्दल सगळ्यात वंगाळ तुमीच बोलता, तात्या,” बाई म्हणाली.

“मग? भांडाया आलीस?”

“न्हाई. बोलवाया आलेय. घरोघर फिरत बसले तर जनावरांकडं कोण बघंल? एका माणसाला दाखवण्यापुरती सवड हाय. तुमी या. कवाबी या, न सांगता या. आजपासनं दाराला कडी लावणार न्हाई.”

ती गेली. शेतकरी विचारात पडला. बोलावणारा आधी झाडून-पुसून ठेवतो, म्हणून तो त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशी ती वाट बघत असेल, म्हणून गेला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवायला बसतात तेव्हा तो निघाला. आणि दार उघडं असूनही मागच्या बाजूनं, बाभळीच्या कुंपणातून आत शिरला. धोतर फाटलं, पायात काटा मोडला.

आत एकोणतीस जनावरं होती. त्यानं एकदा मोजली, मग उलट्या बाजूनं मोजली. बाई एका बैलाच्या जखमेवर हळद लावत होती. तिनं मान वर केली, पण कुंपणातून का आलात, असं विचारलं नाही.

“आजवर मेली किती?” शेतकऱ्यानं विचारलं.

“सहा. पाच म्हातारपणानं. एक माज्या चुकीनं. चारा कमी पडला म्हणून कवळी ज्वारी कापून घातली. विषारी आसती ते ठाव आसूनबी घातली. तासाभरात गेला.”

शेतकऱ्यानं कान टवकारले. आपली चूक आपल्या तोंडानं सांगणारं माणूस त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. यातही काही डाव असेल, असं त्याला वाटलं.

“कातडी कुणाला इकलीस?”

बाई उठली. कोपऱ्यातली कुदळ आणून तिनं त्याच्या हातात दिली आणि ओढ्याकाठच्या सहा उंचवट्यांकडे बोट केलं. “शेवटचा म्हैन्यापूर्वी पुरलाय. बघा उकरून.”

दुसरा कुणी ओशाळून परत गेला असता. आपला शेतकरी नाही गेला. त्यानं भर उन्हात कमरेइतकं उकरलं. मिठाचा थर लागला. मग वास आला, आणि मग काळंपांढरं कातडं दिसलं, शिंगांपासून शेपटीपर्यंत जसंच्या तसं. त्यानं माती पुन्हा ओढली आणि हातांनी थापून सारखी केली.

परत येताना गोठ्याच्या टोकाला एक हडकुळा बैल उभा दिसला. बैलानं नाक फुरफुरवलं, तीन पायांवर दोन पावलं पुढे टाकली आणि मान लांब करून त्याच्या पुढ्यात धरली. गळ्याखाली खाजवून घ्यायची ही हरण्याची जुनी सवय होती. शेतकऱ्यानं हात पुढे केला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

“कडबा किती दिस पुरंल?” शेवटी त्यानं बाईला विचारलं.

“एकवीस.”

“मग काय पाह्यजे?”

“ज्यानं जनावर सोडलंय त्यानं आठवड्याला एक पेंढी आणावी. आणि आणताना आत यून आपलं जनावर बघावं. तेवढंच.”

त्या संध्याकाळी पारावर लोक शेतकऱ्याची वाटच बघत होते. आज चांगलं चमचमीत ऐकायला मिळणार होतं. शेतकरी बसला, पायातला काटा काढला आणि म्हणाला, “मी मढं उकरून बघितलं. बाई खरी हाय. पेंढ्या न्या.”

त्यावर एक म्हातारा हळूच म्हणाला, “सख्ख्या बायकोनं वाढलेलं ताट हुंगून जेवणारा माणूस हा. ह्यो खरी म्हनतो, तवा आता काय इचारायचं ऱ्हायलं?”

दुसऱ्या दिवशी सात पेंढ्या आल्या. आठवड्याभरात ज्यांनी जनावरं सोडली होती ते बहुतेक सगळे येऊन गेले. आत शिरताना मान खाली, बाहेर पडताना डोळे ओले. अकरांपैकी चौघांनी तर आपले बैल परत घरी नेले. शेतकऱ्याचा स्वभाव काही गेला नाही. तो दारात बसून प्रत्येक पेंढी सोडायचा, नाकाला लावायचा आणि बुरशी दिसली की आणणाऱ्याच्या अंगावर परत फेकायचा. लोक चिडायचे, पण पुढच्या वेळी चांगली पेंढी आणायचे.

वैशाखाच्या शेवटी हरण्या गेला. रात्रीत शांतपणे गेला. बाईला भीती वाटली, की आता हे गावाला कळलं तर लोक म्हणतील, पेंढ्या देऊनही बैल मेला, आणि पेंढ्या थांबतील. दोन दिवस थांबून सांगू या का, असं तिनं शेतकऱ्याला विचारलं.

“आत्ताच सांगायचं,” शेतकरी म्हणाला. त्यानं स्वतः खड्डा खणला, मीठ घातलं, माती लोटली आणि तसाच मातीच्या हातांनी बाजारात जाऊन उभा राहिला.

“माजा हरण्या गेला,” त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “त्याच्या वाटणीच्या पेंढ्या मी दुसऱ्या बैलासाठी देत ऱ्हाणार हाय.”

दुसऱ्या दिवशी पांजरपोळाच्या दारात पेंढ्या घेऊन रांग लागली होती. त्यात ज्यांनी कधी जनावर सोडलंच नव्हतं, असेही बरेच लोक होते.

तात्पर्य: हाताशी फारसं काही नसताना चांगल्या कामासाठी मदत मागायची असेल, तर गावभर फुगवून सांगू नये. जो आपल्यावर सगळ्यात जास्त संशय घेतो, त्यालाच आत बोलावून खरं काय ते दाखवावं, आपल्या चुकांसकट. त्याची खात्री पटली की गावाची आपोआप पटते.