तुळसा, परी आणि उपाशी विहीण

सात डोंगरांनी मिळून एक हिरवीगार वाटी केली होती. त्या वाटीच्या तळाशी सोनटक्केवाडी नावाचं पिटुकलं गाव होतं. गावाच्या टोकाला केशरी अबोलीची बाग होती, बागेत एक इवलीशी कुडाची झोपडी होती आणि झोपडीत दोघी बहिणी राहायच्या. थोरली तुळसा, धाकटी मंजुळा. आईवडील केव्हाच देवाघरी गेलेले. तुळसा अबोलीच्या वेण्या करायची, मंजुळा त्या बाजारात विकायची. वेण्या खपल्या तर आमटी-भात, नाहीतर नुसती पेज.

तुळसा चोवीस वर्षांची होती बरं का. परीकथेत लहान मुलगीच लागते असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते विसरा. पऱ्या कुणाचं वय विचारत नाहीत.

तर ही तुळसा जरा वेगळी होती. बोलताना ती माणसाच्या डोळ्यांत बघायची नाही, त्याच्या सदऱ्याच्या गुंडीकडे बघायची. ढोल वाजला की कानांवर हात दाबून धरायची, कारण तो ढोल तिच्या दातांत वाजायचा. आनंद झाला की बोटं फुलपाखरासारखी नाचवायची. आणि कोणी काही म्हटलं की ते तसंच्या तसं खरं मानायची. शहरात अशा माणसांना स्वमग्न म्हणतात. सोनटक्केवाडीला तो शब्द ठाऊक नव्हता. तिथले लोक नुसतं "ती तसलीच आहे" म्हणायचे आणि नाक मुरडायचे. मला विचाराल तर नाक मुरडायला काही अक्कल लागत नाही.

मंजुळाचं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या गावचा, दामोदर नावाचा, गालावर खळी पडणारा. साखरपुडा झाला आणि तिथेच घोटाळा झाला.

त्या मुलखात पंगतीची एक रीत होती. वाढपी म्हणायचा, "घ्या हो, जिलबी घ्या." पाहुण्यानं म्हणायचं, "नको नको, पोट भरलं." मग वाढपी म्हणायचा, "माझ्या गळ्याची शपथ." पाहुण्यानं पानावर हात आडवा धरायचा, पण बोटं मात्र फाकलेली ठेवायची. त्या फटीतून जिलबी पानात पडली की कपाळाला आठी घालून ती मिटक्या मारत खायची. जितक्या शपथा जास्त, तितका मान मोठा.

साखरपुड्याला जिलबीचं ताट तुळसाच्या हातात आलं. तिनं पहिल्या पानाशी वाकून विचारलं, "जिलबी हवी?"

"नको नको," पाहुणे म्हणाले.

"बरं," म्हणून तुळसा पुढच्या पानाकडे गेली. तिथेही नको. त्याच्या पुढेही नको. अख्खी पंगत संपली आणि ताट भरलेलं ते भरलेलंच. मुलाकडची पन्नास माणसं जिलबीकडे डोळे लावून बसली आणि हात धुऊन उठली. त्यांत दामोदरची आई होती, सुंदराकाकू. मुलाची आई, म्हणजे विहीणबाई, आणि तीच उपाशी. सगळ्यांत हसले ते एकटे आप्पा, सुंदराकाकूंचे म्हातारे सासरे. जाता जाता ते तुळसाला म्हणाले, "शहाणी आहेस पोरी."

सुंदराकाकूंचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. "लग्न होईल. पण ती थोरली मांडवात नको. माझ्या भावकीसमोर माझी शोभा पुन्हा नको."

मंजुळा रडायला लागली. "ताई, तू नसशील तर मला हे लग्नच नको."

"तुला दामोदर आवडतो," तुळसा म्हणाली. "आवडतो तर नको का म्हणतेस?" मग ती कोनाड्यातली डबी घेऊन आली. डबीत कुंकवानं रंगवलेले लालचुटुक तांदूळ होते. "मी अक्षतांचे तांदूळ निवडून ठेवलेत. एकही तुटका नाही. मला ते तुझ्या डोक्यावर टाकायचे होते." एवढं बोलून ती डबीच्या झाकणाकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

हळदीचा दिवस उजाडला. सगळं गाव जेवायला गेलं. तुळसा बागेत एकटीच वेणी गुंफत बसली होती. दुपारचं सोनेरी ऊन पानापानांवर खेळत होतं, निळ्या चतुर किड्यांची फौज फुलांवरून भिरभिरत होती. तेवढ्यात अबोलीच्या ताटव्यात धप्प असा आवाज झाला.

तुळसानं फांद्या बाजूला केल्या. खाली एक वीतभर उंचीची परी पडली होती. पंख मोरपिशी, त्यांवर रुपेरी ठिपके. झगा कोवळ्या पोपटी पानांचा. केसांत दवाचे चिमुकले मणी. पोट मात्र टम्म फुगलेलं.

"माझं नाव झिलमिल," परी कण्हत म्हणाली. "लाडवांच्या वासानं मी हळदीच्या जेवणात उतरले. छोट्या मुलीचं रूप घेतलं आणि पंगतीला बसले. एक लाडू खाल्ला आणि नको म्हणाले. सात वेळा नको म्हणाले. सात लाडू वाढले. माणसांचं गोड एकाहून जास्त खाल्लं की आम्हाला उडता येत नाही गं. इथवर कशीबशी आले आणि पडले."

दुसरं कोणी असतं तर परी बघायला गाव गोळा केलं असतं. तुळसा आत गेली आणि छोट्या वाटीत ओव्याचं कोमट पाणी घेऊन आली. "हवं?"

"हवं," परी म्हणाली आणि घोटभर प्यायली.

"अजून?"

"नको."

तुळसानं वाटी खाली ठेवली आणि पुन्हा वेणी गुंफायला घेतली. परी थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "पुन्हा विचारणार नाहीस? शपथ घालणार नाहीस?"

"तू नको म्हणालीस ना," तुळसा म्हणाली.

परीच्या डोळ्यातून एक टपोरा रुपेरी थेंब ओघळला आणि अबोलीच्या मुळाशी पडला. "तीनशे वर्षं झाली मला माणसांमध्ये येऊन. मी विचारते, काय हवं? ते म्हणतात, छे छे, तुमची कृपा असली की पुरे. मला ते खरं वाटतं. मी निघून जाते आणि मागाहून ते कपाळावर हात मारून घेतात."

"मलाही खरंच वाटतं," तुळसा म्हणाली, आणि तिची बोटं आपोआप नाचायला लागली.

"मग तुला तीन इच्छा," परी म्हणाली. "नियम दोनच. ओठात एक आणि पोटात एक असेल, तर इच्छा उलटते. आणि कुणाचं मन बदलून मागायचं नाही, ते माझ्या छडीला जमत नाही."

तुळसा म्हणाली, "मला सगळ्यांसारखी कर."

परीच्या छडीच्या टोकातून काळा धूर निघाला. "थांब थांब," परी म्हणाली. "हे तुझ्या पोटात नाही. पुन्हा बघ."

तुळसानं पोटात नीट बघितलं. बघायला तिला बराच वेळ लागला. सावली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेली. परीनं घाई केली नाही, 'काय गं, झालं का' असंही विचारलं नाही.

"मला मांडवात बसायचं आहे," शेवटी तुळसा म्हणाली. "आहे तशीच. फक्त ढोल दातांत वाजायला नको."

छडीच्या टोकाला पांढराशुभ्र उजेड फुलला. तुळसाच्या मांडीवरची वेणी काजवे माळल्यासारखी लुकलुकली. "ही वेणी घाल. ढोल पलीकडच्या डोंगरावर वाजतोय असं वाटेल. पण मांडवात घ्यायचं की नाही, ते सुंदराकाकूंच्या मनात, पंगतीत ऐकलंय मी. तिथे माझा इलाज नाही."

"मग मी त्यांनाच विचारते," तुळसा म्हणाली. "दुसरी इच्छा. उद्याच्या पंगतीत जो नको म्हणेल, त्याच्या पानात काही पडू नये."

"हे कुणासाठी?"

"तुझ्यासारख्यांसाठी. आणि आप्पांसाठी. साखरपुड्याला त्यांचं नको खरं होतं, मला दिसलं."

परी इतकी हसली की पोटातले लाडू डुचमळले. तिनं छडी फिरवली. तिसरी इच्छा उद्यासाठी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा वेणी माळून, एका हातात अक्षतांची डबी आणि दुसऱ्या हातात बसायचा पाट घेऊन सुंदराकाकूंसमोर उभी राहिली. त्यांच्या नथीकडे बघत ती म्हणाली, "काकू, मला मांडवात यायचं आहे. तुम्ही नको म्हणालात ते मला कळलं, म्हणून विचारायला आले. मी दारापाशी खांबाला टेकून बसेन, तिथून बाहेर जाता येतं. मी काही वाढणार नाही. अक्षता टाकेन. चालेल का?"

सुंदराकाकूंना इतकं सरळ आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. लोक त्यांच्याशी आडून बोलायचे आणि त्या आडून उत्तर द्यायच्या. तोंडातला विडा चावायचा राहिला. "चालेल," त्या म्हणाल्या. "पण जिलबीच्या ताटाला हात लावलास तर बघ."

"नाही लावणार," तुळसा म्हणाली.

मंगलाष्टकं झाली, ढोल घुमले, आणि तुळसाच्या कानांत ते डोंगरापलीकडचे होऊन आले. अख्ख्या, लालचुटुक अक्षता मंजुळाच्या केसांत जाऊन बसल्या. मंजुळानं मान वळवून खांबाकडे बघितलं आणि डोळे पुसत हसली. तुळसाची दहाही बोटं हवेत नाचत होती. कोणीतरी नाक मुरडलं. मुरडू दे.

मग पंगत बसली. केशव वाढपी विहिणीच्या पानाशी वाकला. "घ्या विहीणबाई, जिलबी."

"नको नको," सुंदराकाकू म्हणाल्या आणि बोटं फाकून हात आडवा धरला.

केशवनं जिलबी सोडली. जिलबी हवेत गर्रकन वळली आणि ताटात परत जाऊन बसली. केशवनं आईची शपथ घातली, देवाची घातली, तीन जिलब्या एकदम सोडल्या. तिन्ही परत. इकडे एक म्हणतो नको, तिकडे दुसरा म्हणतो पुरे, आणि पिवळ्याधमक जिलब्या पाखरांसारख्या माघारी उडतायत. कुणाच्याच पानात काही पडेना.

सुंदराकाकूंची नथ थरथरायला लागली. भावकी बघत होती. "पुन्हा तेच," त्या म्हणाल्या. "ही त्या थोरलीचीच करणी. दामोदर, ऊठ. सून इथेच राहू दे, आपण निघू."

मंजुळाचा चेहरा पांढराफटक पडला. तुळसाला ते खांबापासून दिसलं. एवढ्या माणसांच्या मधून चालत जाणं तिला मुळीच आवडायचं नाही. पण ती उठली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि सुंदराकाकूंच्या पानापाशी गेली.

"मी वाढत नाहीये, नुसतं विचारतेय," ती म्हणाली. "काकू, तुम्हाला जिलबी हवी आहे का?"

"नको," सुंदराकाकू सवयीनं म्हणाल्या. ताटातल्या जिलब्या आणखी मागे सरकल्या.

"मी कुणाला दोनदा विचारत नाही. आज मंजुळासाठी विचारते. हवी असेल तर हवी म्हणा. मी हसणार नाही."

सुंदराकाकूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात, पाच वर्षांच्या मुलीसारखं त्या म्हणाल्या, "हवी."

टुणकन एक जिलबी पानात. "अजून हवी," सुंदराकाकू म्हणाल्या, जरा मोठ्यानं. टुणकन, टुणकन. मग काय विचारता, साऱ्या पंगतीतून आवाज उठला, मला हवी, मला दोन हव्या, मला मठ्ठाही हवा. पाक ठिबकत जिलब्या पानापानांवर उतरल्या आणि ऊन पडल्यासारखा मांडव पिवळा झाला.

"मला नको," आप्पा म्हणाले. त्यांच्या पानात काही पडलं नाही. कोणी शपथ घातली नाही. आप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले. "चाळीस वर्षं लग्नं जेवतोय, आणि दर लग्नानंतर दोन दिवस पोट धरून निजतोय. माझं नको आजवर एकदाच कोणी ऐकलं होतं, ते या पोरीनं."

सुंदराकाकूंनी हातातली जिलबी खाली ठेवली. "म्हणजे साखरपुड्याला मी उपाशी राहिले ते हिच्यामुळे नव्हे," त्या सावकाश म्हणाल्या. "माझ्याच तोंडामुळे. आणि राग मात्र हिच्यावर काढला." मग त्या सरकल्या आणि शेजारची जागा दाखवून म्हणाल्या, "तुळसा, माझ्याजवळ जेवायला बसतेस?"

"नको," तुळसा म्हणाली. "इथे फार गर्दी आहे."

सुंदराकाकूंनी शपथ घालायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आपलं पान दोन्ही हातांनी उचललं. "मग मी तुझ्या खांबापाशी येऊ?"

तुळसानं विचार केला. "या. पण जेवताना बोलू नका."

आणि सोनटक्केवाडीच्या लोकांनी पहिल्यांदाच बघितलं, की पैठणी नेसलेली विहीण दारातल्या खांबाला टेकून, तोंडातून अवाक्षर न काढता, नऊ जिलब्या खाते आहे.

संध्याकाळी मंजुळाची वरात गेली आणि तुळसा बागेत आली. बागेत कसला तरी गोड वास पसरला होता. अबोलीला कधी वास नसतो, ठाऊक आहे ना? पण परीचा थेंब जिथे पडला होता, तिथली केशरी फुलं घमघमत होती. त्या वासाच्या वेण्यांसाठी पुढे सातही डोंगरांपलीकडून माणसं यायची, आणि तुळसाच्या घरी नुसती पेज पुन्हा कधी शिजली नाही. गावात लग्न निघालं की दारातल्या खांबाशी एक पाट आधी मांडला जायचा, आणि वाढपी एकदाच विचारायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी झिलमिल फांदीवर बसली होती. पोट सपाट झालं होतं, मोरपिशी पंख चमचमत होते.

"तिसरी इच्छा राहिली," ती म्हणाली. "अजून काय हवं?"

तुळसानं पोटात नीट बघितलं. अक्षता टाकून झाल्या होत्या. मंजुळा हसली होती.

"काही नको," ती म्हणाली.

छडीच्या टोकाला पांढराशुभ्र उजेड फुलला, वाढत वाढत साऱ्या बागेत भरला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली. तिनं पुन्हा विचारलं नाही.