कातळावरचा मनोरा

“आणि माफी मी का मागायची?” केतकीने तांब्याच्या तारेचं भेंडोळं कातळावर आपटलं.

दर्ग्याच्या पायरीवर हैदरबाबा फाटक्या जाळ्याने टोपलीचा कान बांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “माग म्हणून कोण म्हणालं?”

“कुणीच नाही! त्याचाच तर राग येतोय.”

मच्छीमार सोसायटीच्या रेडिओ केंद्राची ती इंजिनीअर. वादळाची खबर होड्यांपर्यंत पोचवायची, एवढंच काम. रेडिओचा मनोरा मात्र तिने हट्टाने या उंच कातळावर उभारला. खाली खाजणाच्या खाऱ्या चिखलात कालवं काढणाऱ्या कोळणींनी त्यासाठी आपली जागा देऊ केली होती. भर सभेत ही म्हणाली होती, “तुमच्या चिखलात मी चप्पलसुद्धा ठेवणार नाही, मनोरा कसला!”

काल चाचणी झाली. बेटापलीकडच्या होडीवर नुसती खरखर... आणि नारळी पुनवेला होड्या सुटणार होत्या. वादळ आलं आणि परत बोलावलं, तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

“उंचावरून लांब जातं ना?” बाबांनी विचारलं.

“ही लाट तशी नाही हो! ही जमिनीला धरून चालते. जमीन तिचा पाय मागे ओढते, म्हणून डोकं पुढे झुकतं. झुकते, म्हणून पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत जाते, क्षितिजापलीकडे उतरते. कोरडा कातळ तिला गिळतो. खारा चिखल आणि समुद्र लांब नेतात. कॉलेजात तोंडपाठ होतं मला हे!”

“मग?”

“मग काय... इथे मनोरा दिसायला छान दिसत होता.”

तोंडून हे निघून गेलं आणि ती आणखीच भडकली. राग काढायला दुसरं कुणी सापडलं नाही, की माणूस असा भडकतो.

“जमीन पाय ओढते, तर जमिनीचा नाद सोड,” बाबाही आता चिडले होते.

“सोडला तर जाईल सरळ आभाळात! होडीतल्या माणसाला काय उपयोग तिचा?”

बाबांनी टोपली बाजूला ठेवली.

मग उठले. पायरीखाली काढून ठेवलेली तिची एक चप्पल उचलली आणि खाली खाजणात भिरकावून दिली.

“बाबा! डोकं फिरलंय का तुमचं?”

ओहोटीच्या चिखलात वाकलेल्या बायकांच्या मधोमध चप्पल रुतली. जनाक्का कोळीण कमरेवर हात ठेवून ओरडली, “मॅडम, चप्पल आली बगा तुमची! तुमी कवा येणार?”

सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या.

केतकी तरातरा उतार उतरली. चप्पल घ्यायची, यांना चार शब्द सुनावायचे आणि संध्याकाळच्या एसटीने नोकरी सोडून जायचं, असं ठरवूनच ती चिखलात शिरली.

थोडं पुढे गेली आणि मागचा पाय घोट्यापर्यंत रुतला. हिसका दिला, सुटेना. पाय मागेच राहिला, अंग पुढे गेलं आणि ती दोन्ही तळहातांवर पडली. डोकं खाली, थेट जनाक्काच्या पायांपुढे.

हसणं थांबलं.

जनाक्काने कालवं फोडायची कोयती खाली ठेवली. मग तिच्याकडे नुसती बघत राहिली...

वरून, कातळाच्या कडेवरून, बाबा गरजले,

“आता बोल! पोचेल.”