कणीचा अर्ज

त्या वारुळात ‘मी’ हा शब्द फक्त वाट चुकलेल्या मुंगीसाठी होता. एरवी सगळ्या ‘आम्ही’ म्हणत. आम्हाला भूक लागली, आमचा पाय मुरगळला, आम्हाला झोप येतेय. रांगेतून सुटून भलतीकडे गेलेली मुंगी तेवढी ‘मी, मी’ असा टाहो फोडायची, आणि तो ज्यांच्या कानावर पडेल त्यांनी तोंडातला दाणा टाकून तिकडे धावायचं, असा रिवाज होता.

या वारुळात कणी नावाची एक मुंगी सगळ्यांत खालच्या मजल्यावर भिंती लिंपायचं काम करत असे. लिंपता लिंपता तिला कळलं की ओली भिंत गुणगुणते. जमिनीखालचं पाणी वर चढायच्या दोन दिवस आधीच ती गुणगुण जाड होते. हे तिने सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या, आणि तिसऱ्या दिवशी तळमजल्यात पाणी शिरलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा निम्म्या हसल्या. तिसऱ्यांदा मात्र सगळी अंडी वेळेत वर गेली. त्यानंतर त्या वारुळातलं एकही अंडं भिजलं नाही.

दर पौर्णिमेला तिथे एक परीट पक्षी यायचा. सतत शेपटी हलवणारा, बोलका, दूरदूरच्या बातम्या सांगणारा. उत्तरेच्या डोंगरावर धरणीचे आवाज ऐकायला शिकवतात, असं त्यानेच सांगितलं. तिथे म्हणे दगडांशी वर्षानुवर्षं बोलणारी म्हातारी कासवं होती. बाहेरच्या मुलखातून दर वर्षी फक्त सात जणांना घेत. अर्ज मात्र नऊ जंगलांमधून येत.

कणीने हे ऐकलं आणि तिच्या तोंडातला लिंपायचा चिखल खाली पडला. धरणी ऐकणारं आणखी कुणी जगात आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं!

तिला अक्षरं येत नव्हती. परीटाने चोचीने मातीत काढून दाखवली, तिने ती दोन महिने गिरवली. तिसऱ्या पौर्णिमेला पिंपळाच्या पानावर तिचा अर्ज तयार झाला. ‘आम्ही भिंतीचा आवाज ऐकला. आम्ही पाणी ओळखलं. आम्हाला आणखी शिकायचं आहे.’ अर्जासोबत थोरांचं मत हवं होतं. वारुळात सगळ्यांत थोर होती तांबूआत्या. तिने पानाकडे पाहिलं, कणीकडे पाहिलं, बराच विचार केला आणि सांगितलं, “लिही. काम वाईट नाही.”

कणी आनंदाने भिंतीवर चढली आणि छतावरून उलटी चालत आली. गेल्या दोन पिढ्यांत आत्याने एवढं कुणालाच म्हटलं नव्हतं.

बाकीच्यांना तो उत्साह पाहवेना. “मुंगीला पंख फुटले की पुढे काय होतं, ठाऊक आहे ना गं?” रांगेतून कुणीतरी टोमणा मारला, आणि रांगभर खसखस पिकली. कणीही हसली. तिला त्या दिवसांत कशाचंही हसू येत होतं.

चौथ्या पौर्णिमेला डोंगराचं पान आलं. त्यावर लिहिलं होतं, ‘आपण नेमक्या किती जणी आहात? अख्खं वारूळ सामावेल एवढी जागा इथे नाही. भिंतीला कान कुणी लावला, तेवढं कळवावं. आणि काम वाईट नाही म्हणता, तर चांगलं का नाही?’

“वाईट नाही, हे फार मोठं आहे हो, परीटमामा,” कणी कळवळून म्हणाली.

“इथे असेल, बाळ. तिथे त्याचा अर्थ जेमतेम.” परीटाची शेपटी हलायची थांबली होती. “पुढच्या पौर्णिमेला मी समोरासमोर विचारणार. तू काय बोललीस ते जसंच्या तसं तिकडे सांगायचं, अशी मला आज्ञा आहे. तीच शेवटची मुदत.”

तो महिना कणी एका पडक्या बोगद्यात जाऊन तो शब्द म्हणून पाहत होती. ‘म्’पर्यंत यायचा, पुढे सरकायचा नाही. हरवलेली नसताना तो म्हणायचा कसा? आणि तिला भिंतीपाशी नेलं कुणी, खाऊ घातलं कुणी, तिच्या वाटचा दाणा कुणी वाहिला? पण ‘आम्ही’ म्हटलं तर डोंगर मिटणार होता. तिथली कासवं, तिथले दगड, सगळं. हे आठवलं की ती पुन्हा ‘म्’पासून सुरू करी.

पौर्णिमेच्या सकाळी परीट वारुळाच्या तोंडाशी उतरला. कणी एकटीच त्याच्यासमोर उभी राहिली.

“भिंतीला कान कुणी लावला?”

“आम्ही.”

“कुणी?”

“आम्ही... म्हणजे आमच्यातल्या...”

“कणे, कुणी?”

कणीने डोळे गच्च मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. “मी!”

त्याबरोबर वारूळ फुटल्यासारखं झालं. प्रत्येक भोकातून मुंग्या धावत सुटल्या. दाणे टाकून, अंडी टाकून, एकमेकींच्या पाठीवरून. सगळ्यांच्या पुढे धापा टाकत तांबूआत्या.

“कोण हरवलं? कुठंय?”

“कुणी नाही, आत्या,” कणी शरमेने जमिनीत जायची बाकी होती. “भिंतीचा आवाज कुणी ऐकला, असं मामा विचारत होते. आम्ही सगळ्यांनी ऐकला, असंच खरं म्हणजे...”

“सगळ्यांनी?” आत्या कडाडली. “आम्ही कधी ऐकला गं? आम्ही तुला भिंतवेडी म्हणत होतो! सगळ्या जेवायला बसल्या की ही बया भिंतीला चिकटलेली. पाय धरून ओढून आणायचो. पहिल्यांदा ओरडलीस तेव्हा हललं होतं का कुणी? एकटीने अंडी डोक्यावर घेऊन दिवसभर वरखाली करत होतीस, आणि आम्ही हसत होतो. तू केलंस, तूच! उगाच आमच्या नावावर खोटं घालू नकोस. आम्हाला नाही चालायचं.”

मागे उभ्या मुंग्यांनी माना डोलावल्या. “खरंय. हसत होतो,” एक जण पुटपुटली.

परीट एका पायावर उभा राहून ऐकत होता. “मग आत्याबाई, काम कसं म्हणायचं?”

“सांगितलं ना एकदा, वाईट नाही म्हणून!” आत्या वैतागली. “याच्यापुढे आणखी काय असतं?”

परीट इतका हसला की उडायलाच विसरला.

पुढच्या पौर्णिमेला अकरा दिवस बाकी होते तेव्हाच तो परत आला. वाऱ्याने पिसं विस्कटलेली, चोचीत देवदाराचा पातळ पापुद्रा. त्यावर तीनच शब्द होते. ‘कणीने लवकर यावं.’ कणीने ते चार वेळा वाचले. मग पापुद्रा उलटा धरून वाचले. मग ज्यांना वाचता येत नव्हतं त्या प्रत्येकीला वाचून दाखवले, आणि वाचता तर कुणालाच येत नव्हतं.

निघताना तांबूआत्या जवळ आली. “वेळेवर जेवत जा. आणि तो शब्द उगाच ओरडू नकोस. एवढ्या लांब आम्हाला धावता येणार नाही.”

कणीने परीटाच्या मानेवरची पिसं घट्ट धरली. जमीन सुटली आणि ती आनंदाने किंचाळली. वारूळ मुठीएवढं झालं, मग बोराएवढं.

खाली रांग नेहमीसारखी दाण्यांकडे निघाली होती. कणीने जन्मभर फक्त पुढच्या मुंगीची पाठ पाहिली होती. आता अख्खी रांग तिला एकाच वेळी दिसत होती, काळी, सरळ, पानावर ओढलेल्या रेघेसारखी. फक्त एका ठिकाणी ती रेघ तुटलेली होती. तिथे एका मुंगीएवढी जागा मोकळी होती. रांगेत फट पडली की मागचीने लगेच पुढे सरकायचं असतं. पण मागची मुंगी सरकत नव्हती. रांग चालत होती आणि ती मोकळी जागाही तिच्याबरोबर, तेवढीच, जपून चालत होती.