येसू मापारणीचा दशांश

फार फार वर्षांमागं निमसांगवीला येसू नावाची मापारीण होती. खळ्यावरचं धान्य पायलीनं मापून द्यायचं, हे तिचं काम. पहिल्या पायलीला ती एक म्हणायची नाही, लाभ म्हणायची. मग दोन, तीन, चार. दहावी पायली मात्र तोंड मिटून खळ्याच्या कडेला ओतायची आणि पुन्हा लाभपासून सुरू करायची. ती दहावी पायली म्हणजे दशांश. दश म्हणजे दहा, अंश म्हणजे वाटा. आज पोरं टिंब देऊन दशांश लिहितात, पण आमच्याकडे तो आधी खळ्यावर आला, असं म्हणतात. वाटा कुणाचा, ते विचारायचं नाही. सकाळी तिथं एक दाणा नसायचा, आणि पाखराचं पाऊलही उमटलेलं नसायचं.

एका साली पीक उदंड आलं आणि बाजी पाटलाची नियत फिरली.

"मातीला कशापायी चारतीस? समदं पेवात भर!"

"पाटील, वाटा ठेवला न्हाई तर त्यो घरात येऊन मोजून नेतो," येसू काकुळतीनं म्हणाली. पाटील हसला. पाटलापुढं मापारणीचं काय चालणार? तिनं मुकाट दहावी पायलीही जमिनीखालच्या पेवात ओतली.

पाटलाच्या घरात जेवणारी माणसं दहा. दहावी त्याची नात, मैना. दुसऱ्याच दिवशी उन्हात मैनेची सावली पडेना. मग वाचा गेली. पंगतीला बसली की तिच्या पानातला भात आपोआप सरायचा आणि पोर उपाशीच राहायची. घाबरून पाटलानं अख्खं पेव खळ्यावर रितं केलं, पण आता दाण्याला कुणी शिवेना.

येसूच्या काळजाला घरं पडली. पायली तिच्याच हातची होती ना! भर दुपारी ती पाटलाच्या घरी आली, पंगतीत मैनेच्या आधी पाट मांडून बसली आणि खळ्यावरच्या सुरात माणसं मापू लागली. पाटलाला लाभ, पाटलिणीला दोन, असं करत थोरल्या सुनेला नऊ. मग तोंड मिटून तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि मैनेकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "लाभ!"

दार लावलेलं होतं, तरी कुणी आत चालत यावं तशी भुईवरून धूळ सरकत आली, असं म्हणतात. "आज्जे, भूक लागली!" मैना ओरडली. तिच्या पायाशी सावली होती. येसूचा पाट रिकामा होता, आणि अजून उबदार.

निमसांगवीच्या पंगतीत आजही दहावं पान वाढतात आणि तिथं कुणाला बसू देत नाहीत. वाढपी तिथं आला की बोलायचा थांबतो. एखादा नवखा पाहुणा चुकून त्या पाटाशी गेलाच, तर म्हातारी बायामाणसं हळूच त्याचा हात धरतात.

"फुडं सरक, बाबा. येसू जेवतीया."