टाकीला तोंड न लावणारी गाय

एका उघड्या माळाच्या कडेला, पत्र्याच्या गोठ्यात एक गाय आणि तिचं वासरू राहत असे. गाय भारी बिचकणारी; पान हललं तरी कान टवकारायची. तिचं दावं गोठ्यासमोरच्या लोखंडी टाकीपर्यंत पुरे, टाकीत मोटरीचं पाणी पडे आणि तिच्या बुडाशी गळक्या नळाने कायम चिखल असे. एके सकाळी तिने टाकीत तोंड घातलं मात्र, झटक्यात मागे उडी! नाकापासून खुरापर्यंत हजार मुंग्या एकदम चावल्यासारखं झालं. मुलांनो, त्यानंतर तिने त्या पाण्याला तोंड म्हणून लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचं दूध आटलं. वासरू रिकाम्या आचळाला ढुशा देत राहिलं.

"तुला काय चांदीच्या वाटीत पाणी हवंय?" समोरच्या डबक्यात डुंबणारी म्हैस खिदळली.

"मला तिथे काहीतरी चावतं गं," गाय म्हणाली. "काय, ते नाही सांगता येत."

गोठ्याच्या मालकीणबाई, इंदूताई, चपला फटफटवत आल्या. त्यांनी टाकीत हात बुडवून पाहिला. काहीच नाही! "नखरे पुरे झाले हं तुझे," असं बजावून त्या निघून गेल्या. तेवढ्यात कावळा टाकीच्या काठावर येऊन बसला आणि पोटभर पाणी प्यायला. "मी तर रोज विजेच्या तारेवर बसतो. मला कधी काही झालंय? भित्री कुठली! ये रे वासरा, पी तू."

तहानलेलं वासरू पुढे सरकलं. गाय आडवी उभी राहिली, हलेचना. तिच्या पोटाखालून मान काढून वासरू म्हणालं, "कावळेदादा, तू वर बसून पितोस. आम्ही चिखलात उभं राहून पितो. तसं पिऊन दाखव ना."

"त्यात काय!" कावळा ऐटीत चिखलात उतरला आणि टाकीच्या बुडाशी गळणाऱ्या नळाला त्याने चोच लावली.

फट्!

कावळा उताणा! पाय वर, पिसं पिंजारलेली, चोच उघडीच. म्हैस डबक्यातून ताडकन उठली. इंदूताई धावत आल्या आणि पाहतात तर काय, मोटरीची सोललेली वायर टाकीच्या पाइपाला टेकलेली. "अगं बाई! टाकीत करंट उतरलाय!" त्यांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मग त्यांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. पायांत रबरी चपला होत्या.

त्यांनी शेजारच्या विहिरीवरून बादली भरून आणली. गायीने ती कितीतरी वेळ नुसती हुंगली. इंदूताई या वेळी तिच्या मानेवर हात ठेवून थांबल्या. शेवटी गाय प्यायली, मग वासरू. कावळ्याने हळूच एक डोळा उघडला. "खरंच चावतं गं," तो पुटपुटला.

तात्पर्य : आपल्याला धक्का बसला नाही म्हणून दुसऱ्याची भीती खोटी ठरत नाही, तिला हसण्याआधी तो कुठे उभा आहे आणि आपण कुठे, हे पाहावं.